गेटवर माझा फोटो

परदेशात शिकायला गेलेल्या मुलीला इंटर्नशिपसाठी तिच्याच घराशेजारच्या कारखान्यात पाठवतात, यावर आमच्या गावात कुणाचाही विश्वास बसला नाही. खरं सांगायचं तर मेल वाचला तेव्हा माझाही बसला नव्हता. जर्मनीत इंजिनिअरिंगच्या अभ्यासात एक अख्खं सेमिस्टर कारखान्यात काढावं लागतं, त्याशिवाय पदवी हातात पडत नाही. मी तिकडच्या दिसेल त्या कंपनीत अर्ज टाकत सुटले होते. शेवटी मोटारींच्या दारांची कुलुपं बनवणाऱ्या एका कंपनीने घेतलं. मी आनंदाने खोलीभर नाचले आणि मग मेलचा उरलेला भाग वाचला. आमचा एक कारखाना भारतात चाकणला आहे, तुम्हाला तिथली भाषा येते हे वाचून आम्हाला विशेष आनंद झाला, तुमची नेमणूक तिथे करत आहोत. मी स्क्रीनकडे नुसती बघत राहिले. विमानं बदलत, थंडीत कुडकुडत, उकडलेल्या बटाट्यांवर दिवस काढत मी इथवर आले होते, आणि हे लोक मला पाठवत होते कुठे, तर आमच्याच शेताच्या बांधावर. बांधावर म्हणजे अगदी बांधावरच. त्या कंपनीत ट्रक उभे करायचं जे आवार आहे, तिथे आमची हरभऱ्याची पट्टी होती.

घरी फोन केला. "आबा, मी येतेय. सहा महिने. इंटर्नशिप आहे, चाकणला." पलीकडून आधी म्हैस ओरडली. मग आबा अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "काय झालंय त्ये खरं सांग, पोरी. आमी काय बोलनार न्हाई तुला." मी नापास झालेले नाही, कुणी मला हाकललेलं नाही, हे वडिलांना पटवण्यात माझं सगळं फोनकार्ड संपलं.

आबांचा तरी काय दोष! मी निघाले तेव्हा गावाने ज्या थाटात मला पाठवलं होतं, त्या थाटानंतर असं गुपचूप परत येणं कुणालाच शोभणारं नव्हतं. आबांचे धाकटे भाऊ, म्हणजे आमचे तात्या, गावच्या राजकारणात होते. पांढरी जीप, पांढरे कपडे, दोन खिशांत दोन फोन. त्यांनी चाकणच्या चौकात माझा भलामोठा फ्लेक्स लावला होता. ‘आमची भूमिकन्या कु. वैशाली हिची जर्मनी येथे उच्च शिक्षणासाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ मधोमध कॉलेजच्या ओळखपत्रावरचा माझा फोटो, ताणून ताणून नाक दुप्पट झालेलं. त्याहून मोठे तात्या, हात जोडून. आणि खाली शुभेच्छुक म्हणून गावातली झाडून सगळी पोरं, गॉगल लावून. त्या फ्लेक्सखालून मी विमानतळाकडे गेले होते. आता त्याच चौकातून, दोन बॅगा मांडीवर घेऊन, शेअर रिक्षाने घरी आले.

आईने भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पाय धुवायला पाणी दिलं आणि माझ्या तोंडाकडे असं निरखून पाहिलं, जसं काही आजारातून उठलेल्या माणसाकडे पाहावं. मी हसून मागच्या अंगणात गेले आणि थबकले. गोठ्याच्या पत्र्यापुढे सावलीसाठी माझा फ्लेक्स बांधला होता. छापील बाजू खाली. आमच्या दोन्ही म्हशी माझ्या चेहऱ्याखाली रवंथ करत बसल्या होत्या, आणि मी दुप्पट नाकाने त्यांच्याकडे बघत होते. "लई टिकाऊ कापड हाय," आई मागून म्हणाली. "ताडपत्रीपरीस झ्याक." मला हसावं की रडावं कळेना.

कंपन्यांसाठी जमीन गेल्यावर आबांनी घरामागे भाड्याच्या खोल्यांची एक ओळ काढली होती. सगळे भाडेकरू कंपन्यांत कामाला, लातूर-बीडकडचे. तीन पाळ्यांची माणसं एका ओळीत राहत असल्यामुळे आमच्या घराला सकाळ-संध्याकाळ अशी काही राहिलीच नव्हती. कुणाचं जेवण होतं तेव्हा कुणाचं दात घासणं चाललेलं असायचं. कुकरच्या शिट्ट्या, मोटारसायकलींच्या किका, लातूरच्या बोलीतली भांडणं, आणि त्या सगळ्यावर महामार्गावरच्या कंटेनरांची सतत घरघर. जर्मनीत मी ज्या घरात राहायचे तिथे रविवारी खुर्ची सरकवली तरी खालच्या आजीबाई छत ठोकायच्या. त्या शांततेत मला पहिले कितीतरी दिवस झोप लागली नव्हती. इथे आल्या आल्या मी जी आडवी झाले ती आईने उठवेपर्यंत उठले नाही. आईने माझ्यासाठी कुळथाची शेंगोळी केली होती. हातावर वळलेली, लसणाच्या दाट रश्शात शिजलेली, वर कच्चं तेल. मी तीन वेळा वाढून घेतलं. आई आबांकडे बघून म्हणाली, "बघा, उपाशी ठिवली व्हती तिकडं." आजही शेंगोळी करायला घेते तेव्हा ते वाक्य कानात वाजतं. माझ्या शेंगोळ्या मात्र कढीतल्या गोळ्यांसारख्या होतात, वळणाच्या होतच नाहीत.

गावाने आपला निकाल आठवड्याभरात लावून टाकला. विहिरीवरच्या काकू विचारायच्या, "सुट्टीला का गं?" सहा महिने म्हटलं की डोळे मोठे व्हायचे. "येवढी सुट्टी?" मग मी इंटर्नशिप समजावून सांगायची, त्या मान डोलवायच्या, आणि पाठ वळली की कुजबुज व्हायची. आईने त्यावर स्वतःचं एक उत्तर तयार केलं होतं. "तिकडं लई थंडी पडती ना, म्हून आली," असं ती सगळ्यांना सांगे. एवढ्या शिकलेल्या मुलीला थंडीने परत धाडलं, ही गोष्ट तिला नापासापेक्षा बरी वाटत होती. मी चिडायचे. मी खरोखर खूप चिडायचे.

सगळ्यात मोठी भर घातली ती आमच्या भाडेकरू ज्ञानोबाने. ज्ञानोबा लातूरकडचा, चोविशी-पंचविशीचा, भोसरीच्या एका वर्कशॉपमधून निघून चाकणला लागलेला. एका संध्याकाळी मी अंगणात बूट काढत होते, कंपनीचे ते लोखंडी टोकाचे जड बूट. तो जवळ येऊन बसला.

"ताई, तुमी बी ट्रेनी हाव म्हनं?"

"ट्रेनी नाही रे. इंटर्न."

"एकच की ओ ते! आमाला बी असंच गोड बोलून घेतेत. सा महिने झाले की ब्रेक देतेत अन् नवं पोरगं आनतेत. माझं हे चौथं ब्रेक हाय." मग आबांकडे वळून म्हणाला, "काका, ताईला पर्मनंट करून घ्या बगा येळंवर. नाहीतर गेटच्या बाहेर."

आबा ओट्यावर सुतळी वळत बसले होते. त्यांनी मान न वळवता सुतळीला आणखी एक पीळ दिला. पण त्या दिवसापासून जेवताना त्यांचे प्रश्न सुरू झाले. आबा जेवताना बोलणारे नव्हेत, म्हणून मला त्याचं नवल वाटलं, आणि थोडा आनंदही झाला.

"सा म्हैनं झाल्याव कंपनी काय करनार?"

"काही नाही आबा. सर्टिफिकेट देणार. जर्मनीहून एक बाई येणार आहेत, त्या माझं काम बघून सही करणार. त्यांनी सही केली की सेमिस्टर पूर्ण, आणि पुढचा प्रोजेक्ट त्यांच्याच हाताखाली, तिकडे. नाही केली तर वर्ष गेलं."

"आन् ठिवून घ्यायचं म्हनलं, तर?"

मी हसले. "ठेवून कसं घेतील? मी विद्यार्थिनी आहे. मला परत जायचंय."

"आन् शिक्षान झाल्याव?"

"तिथेच नोकरी बघेन," मी म्हटलं. अगदी सहज म्हटलं, आमटी ओरपता ओरपता. आबांनी ताटातली भाकरी दुधात कुस्करली आणि हात तसाच दुधात ठेवून बसून राहिले. मग म्हणाले, "जेव." त्यानंतर त्यांनी विचारलं नाही. रोज संध्याकाळी तात्यांच्या जीपमधून कुठे कुठे जायला लागले. मला वाटलं, ग्रामपंचायतीचं काहीतरी असेल. मी त्यांची एकुलती एक मुलगी, पण गावच्या भानगडीत मला कुणी घेत नसे आणि मीही शिरत नसे.

कंपनीतलं माझं काम लोकांना सांगितलं तर ते हसायचे. मी दारं लावायचे. खरंच. मोटारीचं दार लागताना कसा आवाज येतो, त्यावर गाडी भारी की हलकी हे गिऱ्हाईक ठरवतं, आणि तो आवाज निम्मा कुलपाचा असतो. आवाराच्या एका टोकाला, कुंपणाच्या भिंतीलगत, फोम लावलेली एक खोली होती. तिथे एका चौकटीवर नुसतं दार बसवलेलं, समोर मायक्रोफोन, कानाला हेडफोन. कुलूप बदलायचं, दार लावायचं, आवाज टिपायचा. ‘ठप्’ आला तर चांगला, ‘टण्’ आला तर वाईट. अजूनही रस्त्यात कुणाच्या गाडीचं दार लागलं की मी मान वर न करता सांगू शकते, आणि सोबतच्यांना त्याचा वैताग येतो. फोम कितीही लावला तरी जड ट्रकची घरघर मायक्रोफोनमध्ये शिरायचीच, म्हणून रस्ता जरा मोकळा होईपर्यंत हेडफोन लावून थांबावं लागायचं. त्या थांबण्यात मी डोळे मिटून बसे. माझ्या खुर्चीखाली आमचा हरभरा होता, असं मनात यायचं, आणि मग दार लावायची वेळ व्हायची.

जर्मनीहून सही करणाऱ्या केलरबाई आल्या त्या आठवड्यात मी जेवणसुद्धा नीट जेवत नव्हते. उंच, शिडशिडीत, पांढरे केस कापलेले, बोलणं मोजकं. सगळ्या जगातल्या त्यांच्या कारखान्यांतले आवाज त्या ऐकत फिरायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी माझी टिपणं पाहिली आणि "हं," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी, "बरं आहे." तिसऱ्या दिवशी, म्हणाल्या, सगळं एकदा माझ्यासमोर करून दाखव. त्यावर सही.

त्या सकाळी घरातून निघताना गोठ्याकडे लक्ष गेलं. म्हशींच्या अंगावर ऊन पडलं होतं. फ्लेक्स जागेवर नव्हता. "आई, ते वरचं कुठे गेलं?" आई चुलीत फुंकर घालत होती. "धुवाया काढलंय," ती म्हणाली, आणि वर बघितलं नाही. मला उशीर होत होता. मी निघाले.

दुपारी दुसऱ्या पाळीच्या बसा यायची वेळ होती तेव्हा आम्ही खोलीत बसलो होतो, केलरबाई एका हेडफोनवर, मी दुसऱ्या. मी दार लावलं. ठप्. छान लागलं. पण त्या ठप्च्या मागे काहीतरी आणखी होतं, बारीक, खोल, डुग-डुग डुग-डुग. बाईंनी बोट वर केलं. "ट्रक," मी म्हटलं. थांबलो. पुन्हा दार लावलं. पुन्हा डुग-डुग. या वेळी जरा जवळून. बाई म्हणाल्या, "हे यंत्र नाही. याला ताल आहे." मी आवाज वाढवला. ती हलगी होती. आमच्या गावची हलगी, जत्रेत ऐकत मी मोठी झाले तीच. मागून माणसांचा गलका, आणि मग, मायक्रोफोनमधून, इतक्या स्पष्टपणे की जणू माझ्या मानेशी कुणी बोलत होतं, तात्यांचा लाऊडस्पीकरवरचा आवाज. "वैशालीताईला..." आणि पाठोपाठ गलक्यातून, "न्याय मिळालाच पाहिजे!"

माझं नाव मी घरात ऐकलं होतं, वर्गात ऐकलं होतं, असं कधी ऐकलं नव्हतं. हेडफोन काढावा हेही कळलं नाही. केलरबाई माझ्याकडे बघत होत्या. तेवढ्यात खोलीचं जाड दार ढकलून एचआरचे देशमाने आत आले, चेहरा पांढराफटक.

"मॅडम, ही काय भानगड आहे? तुम्ही तर जर्मनीच्या ना?"

"मी इथलीच आहे," मी म्हटलं.

"हे आधी नाही का सांगायचं!" देशमाने अक्षरशः ओरडले.

गेटपर्यंत मी पळत गेले, त्या जड बुटांनी. बाहेर आमचं सगळं गाव होतं. पलीकडे ट्रकची रांग लागलेली, बसा अडकलेल्या, ड्रायव्हर खाली उतरून तंबाखू मळत मजा बघत होते. रस्त्याच्या मधोमध सतरंजी अंथरलेली, तिच्यावर बायका, विहिरीवरच्या काकूसुद्धा. ज्ञानोबा आणि आमचे निम्मे भाडेकरू हलगीच्या तालावर मुठी वर करत होते. आणि दोन बांबूंना ताणून बांधलेला माझा फ्लेक्स. दुप्पट नाक, एका कोपऱ्याला शेणाचा डाग, आणि ‘हार्दिक अभिनंदन’वर कागद चिकटवून लाल अक्षरांत लिहिलेलं, ‘भूमिकन्येला कायम करा’. मी आयुष्यात पुढे बरेच धक्के खाल्ले, काही त्याहून कितीतरी मोठे. पण स्वतःचा चेहरा असा वाऱ्यावर फडफडताना बघून छातीत जे झालं, तसं पुन्हा कधी झालं नाही. सतरंजीच्या पुढच्या टोकाला आबा मांडी घालून बसले होते. धुतलेली टोपी, पांढरा सदरा. ते माझ्याकडे बघत नव्हते.

केलरबाई माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी फ्लेक्सकडे बोट करून विचारलं, "ही कोण?"

"मी," मी म्हटलं.

"आणि या लोकांना काय हवंय?"

जर्मनमध्ये ‘पर्मनंटसाठी गेट आंदोलन’ कसं म्हणतात ते मला कुणी शिकवलं नव्हतं. मी म्हटलं, "तुम्ही मला कधीच सोडू नये, असं त्यांना हवंय."

बाई सतरंजीवरच्या माणसांकडे एकेक करून बघत राहिल्या.

देशमाने आत-बाहेर करत होते, फोनवर हळू हळू बोलत होते. थांबलेला प्रत्येक ट्रक म्हणजे पुढे कुठेतरी थांबलेली गाड्यांची लाइन, आणि गावाशी वाकडं घेऊन चाकणमध्ये कुणाचं भागलेलं नाही, हे त्यांना चांगलंच ठाऊक होतं. शेवटी ते गेटबाहेर आले आणि तात्यांच्या हातातला माइक घेऊन म्हणाले, "मॅनेजमेंटने सकारात्मक निर्णय घेतलेला आहे. वैशाली मॅडमना क्वालिटी डिपार्टमेंटला कायम करण्यात येत आहे. शिक्षणाची अट शिथिल करून." एकच जल्लोष झाला. हलगी सुसाट सुटली. तात्यांनी जीपमधून पेढ्यांचे खोके काढले; म्हणजे ते आधीच आणून ठेवलेले होते. कुणीतरी माझ्या तोंडात पेढा कोंबला. विहिरीवरच्या काकू रडत होत्या, खरोखरच्या आनंदाने, आणि मला म्हणत होत्या, "आता कुटं जायचं न्हाई, बाय. आता घरीच." मी त्या पेढ्यासकट उभी होते, आणि मला दिसत होतं की माझं सगळं पुढचं आयुष्य, ती पदवी, ते शहर, केलरबाईंची सही, हे सगळं या टाळ्यांच्या गजरात माझ्या हातून काढून घेतलं जातंय, आणि काढून घेणारे सगळे माझे आहेत.

मी माइक घेतला. "मला नकोय," मी म्हटलं.

हलगी थांबली. तात्या पुढे झाले, हसत म्हणाले, "पोरगी घाबारलीय, साहेब."

"घाबरले नाही तात्या. मला पर्मनंट व्हायचं नाहीये. मी तिथे शिकतेय. मला कुणी काढलेलं नाही. इथलं काम संपलं की मला परत जायचंय." आणि मग मी आबांकडे वळले. आवाज फाटला तो माइकमधूनच फाटला, सगळ्या रस्त्याने ऐकला. "आबा, मी तुम्हाला सांगितलं होतं. रोज सांगत होते. तुम्हाला कळलं नाही का?"

आबांनी तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. तात्यांचा चेहरा उतरला होता. "दादा, ही काय म्हनतीय? तुमी तर म्हनला, सा म्हैन्यांनी भाईर काढत्यात पोरीला. आमी सगळं गाव आनून बसवलं."

आबा उठले. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. मग गावाकडे तोंड करून म्हणाले, "चूक माजी हाय. मला समाजलं न्हाई. आडानी मानूस. उठा, वाट मोकळी करा." एवढं बोलून ते फ्लेक्सकडे गेले आणि बांबूच्या दोऱ्या सोडायला लागले. बायकांनी सतरंजी गुंडाळली. पहिला ट्रक सुरू झाला. मी तिथेच उभी राहिले. माझा जीव वाचला होता, आणि लाजेने मान वर होत नव्हती, आणि वडिलांचा इतका राग आला होता की डोळ्यांपुढे अंधारी येत होती. एवढी साधी गोष्ट! एवढ्या वेळा सांगून!

केलरबाई मला परत त्या खोलीत घेऊन गेल्या. म्हणाल्या, आता बाहेर शांत आहे, राहिलेली दारं लाव. मी लावली. सगळी. त्यांनी सही केली आणि जाताना म्हणाल्या, "ते मघाचं रेकॉर्डिंग पुसून टाक. त्याचा आपल्याला उपयोग नाही." दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "किंवा नको पुसू," म्हणाल्या. मी पुसलं नाही.

घरी पोहोचले तेव्हा दिवस मावळायला आला होता. आईने चहा पुढे केला. मागून खोल्यांमधून नेहमीचे आवाज येत होते, पण मी अंगणात आल्यावर ते हळू झाले. आबा गोठ्यात शिडीवर चढून फ्लेक्स परत बांधत होते. लाल अक्षरांचा कागद काढून टाकलेला होता, खाली चिकटपणा तेवढा राहिला होता. एका हाताने त्यांना ते आवरत नव्हतं, म्हणून मी जाऊन दुसरा कोपरा धरला. रागातच धरला. आम्ही दोघं आपापलं टोक ओढत होतो.

मग मी म्हटलं, "आबा, नीट ऐका. इंटर्नशिप म्हणजे..."

"ठावं हाय मला," आबा म्हणाले.

"काय ठाऊक आहे?"

"सा म्हैनं. मग त्या बाईची सई. मग इमान." त्यांनी दोरी खांबाला फिरवली. "पैल्या दिशीच समाजलं व्हतं. तू चांगलं इस्कटून सांगितलंस की."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "मग गेटवर ते सगळं? एवढं गाव? तात्यांना काय सांगितलंत तुम्ही?"

आबा शिडीवर तसेच उभे राहिले, पाठ माझ्याकडे. "आमच्या हितं मानसाला काय जाऊ द्यायचं नसलं, तर आमाला येवढंच येतं, पोरी. गेटव बसायचं. जिमिनीच्या येळंला बी असंच बसलो व्हतो. सतरंजी बी हीच व्हती." त्यांनी गाठीला हात घातला. "तवा बी जमलं न्हाई."

माझ्या हातातला कोपरा सुटला. फ्लेक्स म्हशींच्या पाठीवर आला आणि त्या दचकून उठल्या.

"धर नीट," आबा म्हणाले. "सकाळी ऊन येतं तेंच्या अंगाव."

मी खाली वाकले, कोपरा उचलला आणि वर करून धरला. गाठ आबांनी मारली.